ब्रेक दाबा, रेडिओ ऐका

माझी उभी नोकरी वीज मंडळात गेली, पण विजेशी माझा संबंध कागदापुरताच. मी हिशेब खात्यात होतो. कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीचं बिल किती थकलंय, कुणाची अनामत परत करायची राहिलीय, कुठला कॅशियर भरणा उशिरा पाठवतो, एवढंच माझं विद्युतशास्त्र. पण इंदापूर तालुक्यात बोर्डातला माणूस म्हणजे बोर्डातला माणूस. हिशेबनीस आणि लाइनमन असला भेद तिथं कुणी करत नाही. लग्नाच्या मांडवात माइक बंद पडला की आचाऱ्यापासून वरबापापर्यंत सगळे माझ्याकडे बघतात. मग मीही उठतो, अॅम्प्लिफायरपाशी जातो, एखादी वायर दोन बोटांत धरतो, ‘अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे’ असं म्हणतो आणि परत येऊन बसतो. हे एक वाक्य मला निवृत्तीपर्यंत पुरलं. ते कधी खोटंही ठरलं नाही, कारण आपल्याकडे जिथं वीज आहे तिथं अर्थिंगचा प्रॉब्लेम असतोच.

या पुण्याईवर मामांनी मला गाडीची एरियल बसवायला बोलावलं.

मामा वालचंदनगरच्या कारखान्यातून, मशीन शॉपमधून निवृत्त झालेले. नंतर शेजारी कळंबला घर बांधून राहिले. वाट्याला आलेला थोडा ऊस आणि दारात पांढरी प्रीमियर वन वन एट एनई. ही गाडी त्यांनी का घेतली याचं कारण ते कुणी न विचारता सांगत. कळंबच्या माळावर साखर कारखाना काढून गाव वसवणारे शेठ वालचंद हिराचंद, 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढणारेही तेच, मग त्यांच्या गावच्या माणसानं दुसऱ्या कुणाची गाडी कशी घ्यायची? शेठजी 1953 साली गेले आणि एनई बाजारात आली 1985 साली, तीही मुळात फियाट 124 चा सांगाडा आणि निस्सानचं इंजिन घेऊन, असं मी एकदा मध्ये बोललो होतो. त्यावर मामांनी मला ज्या नजरेनं पाहिलं, तेव्हापासून मी जपान-इटलीचा विषय त्यांच्या अंगणात काढत नाही.

गोष्ट पालखी महामार्ग व्हायच्या आधीची. तेव्हा इंदापूर-बारामती रस्ता दुपदरी होता आणि गाव आलं की गतिरोधक यायचा. पण मामांच्या एरियलचा मान त्याहून जुना. नव्वदच्या दशकात आमच्या भागात माणसाची पत त्याच्या एरियलवरून ठरत होती, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. जीपवाल्याची एरियल म्हणजे मडगार्डावरची साधी छडी, हातानं ओढायची. ती पोरं मोडून न्यायची आणि तिनं शाळेत मास्तरांच्या पाठीमागे नकाशे दाखवायची. त्याच्या वरची पायरी म्हणजे ऑटोमॅटिक एरियल. रेडिओचं बटण फिरवलं की मडगार्डाच्या आतून ‘झूंऽऽ’ असा आवाज यायचा आणि एकात एक बसलेल्या चकचकीत नळ्या कुणाचाही हात न लागता उभ्या राहायच्या. रेडिओ बंद केला की तशाच अदबीनं आत. एनईला मामांनी ही एरियल पुण्याहून बसवून आणली, तेव्हा कॉलनीतली पोरं ती बघायला दारात जमत. मामा बाहेर येत, रेडिओ लावत, एरियल वर जाई, पोरं टाळ्या वाजवत, मामा रेडिओ बंद करत. त्या काळात त्यांनी रेडिओवर अख्खं गाणं ऐकल्याचं कुणाच्या स्मरणात नाही.

पुढं एका गळीत हंगामात गाडी रस्त्याकडेला उभी असताना उसाच्या ट्रॉलीतून बाहेर आलेली वाढी एरियलला अडकली आणि ट्रॉली काही थांबली नाही. नळ्या वाकल्या. आतल्या मोटारीनं त्या वाकलेल्या नळ्या ओढायचा इमानदारीनं प्रयत्न केला आणि आतली नायलॉनची दातेरी दोरी तोडून घेतली. पुढं कित्येक वर्षं रेडिओ लावला की मडगार्डाच्या पोटातून नुसतं ‘कर्रर्र’ ऐकू येई. मामा म्हणायचे, ‘आत जीव आहे अजून.’ मग नातीचं लग्न ठरलं, बस्ता बांधायला बारामतीला जायचं ठरलं, आणि मामांच्या मनानं घेतलं की एनई बारामतीत शिरेल ती एरियल उभी करूनच.

‘इथं आपल्या गावात रॉकेटचे भाग घडतात,’ मामा म्हणाले, आणि ते खरंच आहे, इस्रोच्या रॉकेटची नळकांडी वालचंदनगरला बनलेली आहेत. ‘आणि एक हातभर एरियल वर जात नाही म्हणजे काय? तू बोर्डातला ना?’

मी बोर्डातला होतो.

नवी एरियल मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. तिथं बुधवारी आणि रविवारी काय मिळत नाही याची यादी करणं सोपं. विकणाऱ्यानं खोक्यावरचं ‘युनिव्हर्सल’ हे अक्षर बोटानं दाखवून ‘कुठल्याही गाडीला बसते’ असं सांगितलं. युनिव्हर्सल म्हणजे कुठल्याच गाडीला नीट न बसणारी, हा शोध मला मडगार्डाचं भोक आणि एरियलची कॉलर यांची गाठ पडल्यावर लागला. मामांनी मात्र तिथं आपली करामत दाखवली. खिशातून व्हर्नियर काढला (निवृत्त माणूस खिशात व्हर्नियर ठेवतो, हे मी मशीन शॉपवाल्यांखेरीज कुठंच पाहिलं नाही), भोक मोजलं, रबराचा एक वायसर कातरला, त्याच्यावर स्वतः बनवलेली पितळी रिंग बसवली आणि एरियल अशी सरळ उभी केली की ओळंबा लावून बघावं. फक्त एक गोष्ट त्यांनी करू दिली नाही. मडगार्डाच्या खालच्या अंगाला, कॉलर टेकते तिथं, रंग खरवडून पत्रा उघडा करायचा होता. एरियलची बॉडी गाडीच्या पत्र्याला नीट चिकटली तरच अर्थ मिळतो, असं खोक्यातल्या चित्रात दाखवलं होतं. ‘ओरिजिनल रंग आहे,’ मामा म्हणाले. ‘खरवडायचा नाही.’ आणि ज्यानं आयुष्यभर सगळीकडे अर्थिंगचा प्रॉब्लेम सांगितला, तो मी, नेमकं त्याच वेळी काही बोललो नाही.

यंत्राचं काम संपलं तसे मामा हात पुसत म्हणाले, ‘आता तुझं खातं.’

माझं खातं म्हणजे तीन वायरी. लाल, काळी आणि एक हिरवट. लाल कायम बॅटरीला, कारण रेडिओ बंद झाल्यावर एरियल खाली ओढायला मोटारीला वीज लागतेच. काळी पत्र्याला. आणि तिसरी, जिच्यात सगळी मेख आहे, ती इशाऱ्याची. तिच्यात 12 व्होल्ट आले की आतला रिले एरियल वर पाठवतो, ते गेले की मोटार उलटी फिरवून खाली घेतो. गाडीतल्या सेटमागे या कामासाठी एक निळी वायर असते, सेट चालू असेपर्यंतच तिच्यात वीज असते. पिवळी कायमची, तांबडी चावीची, काळी अर्थची, निळी एरियलची. हे सगळं मला आज तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, तेव्हा तिथल्या सगळ्या वायरींचा रंग एकच होता. धूळ, ऑइल आणि वर्षांनुवर्षांची उष्णता यांनी पिवळ्या-तांबड्या-निळ्याला एकाच जातीत आणून सोडलं होतं. सेटच्या मागे टेपनं गुंडाळलेलं एक टोक लोंबत होतं. पण टेप लावलेल्या वायरला हात लावायचा नाही, हा बोर्डातला एकमेव सुरक्षा नियम मला माहीत होता आणि मी तो पाळला.

मग मी टेस्ट लॅम्प घेतला. स्क्रू ड्रायव्हरसारखी टोकदार मूठ, पोटात बारका बल्ब, शेपटीला चिमटा. चिमटा पत्र्याला लावायचा, टोक वायरीत खुपसायचं, बल्ब लागला की वीज आहे. मंडळात माझ्या टेबलासमोर बसणारे वायरमन हे करताना मी पाहिलं होतं. मी उताणा पडलो होतो, डोकं पेडलच्या पलीकडे, पाय दाराबाहेर. मामांना देखरेख करायची होती, म्हणून ते ड्रायव्हर सीटच्या कडेला टेकून बसले आणि त्यांनी पाय ठेवायला जागा शोधली.

मी एकेक वायर टोचत गेलो. नाही, नाही, नाही. आणि एकदम बल्ब लागला. चांगला, ठसठशीत. चावी बंद असताना! मी आनंदानं ओरडलो, ‘सापडली!’ मामांनी विचारलं, ‘रेडिओची?’ मी म्हणालो, ‘हो.’ का म्हणालो, ते माझ्या स्वभावाला विचारा. रेडिओ त्या वेळी बंद होता, हा मुद्दा माझ्या मनात आला होता. पण उताण्या माणसाच्या मनात आलेले मुद्दे फार वेळ टिकत नाहीत. मी इन्सुलेशन सोललं, हिरवट वायर तिला पिळून जोडली, टेप मारला. आणि लगेच एरियल ‘झूंऽऽ’ करत वर गेली. दारात मामींनी हात जोडले. मामा इतके हरखले की सीटवरून खाली उतरून बघायला गेले, आणि ते उतरताक्षणी एरियल खाली आली.

‘मी येताना उभी, गेल्यावर खाली,’ मामा म्हणाले. ‘मला ओळखते ती.’

त्या क्षणी मला सुचायला हवं होतं. नाही सुचलं. एनईच्या पेडलवर मामांचा पाय होता, आणि मी टोचलेली वायर ब्रेक लाइटची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी चालवायला, शेजारी मामा, मागे मामी आणि आमची मंडळी. अंगणातून गाडी काढताना गेटपाशी ब्रेक दाबला, एरियल वर गेली, सोडला, खाली गेली. मामांनी ते चावीशी जोडलं, मी वळणाशी. रेडिओ लावला तर खरखर. जंक्शनला पोहोचेपर्यंत मी ‘अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे’ असं म्हणून वेळ मारून नेली. बाकी सगळं चुकलं तरी हे एक निदान बरोबर होतं, हे मला संध्याकाळी कळायचं होतं.

लासुर्ण्याच्या पहिल्या गतिरोधकाला एरियल उठली आणि बसली. बेलवाडीच्या गतिरोधकाला उठली आणि बसली. हे तेच बेलवाडी, जिथं तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं. तिथं घोडा धावतो, इथं एनईची एरियल धावली. मागून मामी म्हणाल्या, ‘अहो, हिला खड्डा आला की कळतं वाटतं.’ मामा म्हणाले, ‘ऑटोमॅटिक आहे.’

भवानीनगरच्या अलीकडे आम्ही उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो. दोन ट्रॉल्या, दोन्ही मर्यादेबाहेर भरलेल्या, आणि ट्रॅक्टरवर बसवलेल्या कर्ण्यांतून गाणी अशी वाजत होती की उसातली साखर वितळावी. ट्रॉलीच्या मागच्या बाजूला मोळ्यांवर दोन पोरं बसलेली. मला दर थोड्या वेळानं ब्रेक दाबावा लागत होता. क्षणभरच दाबला की एरियल अर्धवट उठे आणि तिथूनच माघारी फिरे. पोरांच्या हे लक्षात आलं. एकानं कपाळाला हात लावून एरियलला सलाम ठोकला. तेवढ्यात मी ब्रेक दाबला आणि एरियलनं उठून त्याला सलाम केला. बस्. त्यापुढं पोरगं सलाम करी आणि आमच्याकडे वाट बघत बसे. मी ब्रेक दाबणारच होतो, दुसरा इलाज नव्हता. दुसऱ्या पोरानं हातानं ‘वर’, ‘खाली’ अशी आज्ञा द्यायला सुरुवात केली. शेजारून गेलेला मोटारसायकलवाला काचेशी वाकून म्हणाला, ‘काका, तुमची एरियल वर-खाली होतीय.’ मामा त्याला म्हणाले, ‘तुला येते का तशी करता?’

रेडिओचा उलगडा सणसरच्या पुढं झाला. तिथून बारामतीकडे सरकलं की विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी सापडायला लागते, 90.4 वर. सामुदायिक रेडिओचं प्रक्षेपण मुद्दाम मर्यादित ताकदीचं असतं, आसपासच्या गावांपुरतं. अशा स्टेशनाला एरियल हवीच. एफएमची लहर साधारण तीन मीटरची, म्हणून गाडीची एरियल पाऊण मीटरच्या आसपास असते, लहरीच्या चौथाईची. ती मडगार्डात झोपलेली असेल तर सेटला नुसती खरखर. ती उभी राहिली की माणसाचा आवाज. आणि आमची उभी राहत होती ती फक्त ब्रेक दाबल्यावर.

‘...शेतकरी बंधूंनो, खोडवा ठेवताना...’ खरखर. गाडी पुढं. गतिरोधक. ‘...बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्यानं...’ खरखर.

‘लाग की ब्रेकवर!’ मामा ओरडले.

‘मामा, रस्ता मोकळा आहे.’

‘म्हणूनच म्हणतोय. रस्ता मोकळा आहे तोवर दाबून धर. खोडव्याचं सांगतोय तो.’

मी गाडी कडेला घेतली आणि ब्रेक दाबून बसलो. आवाज स्वच्छ आला. हातब्रेक लावून पाय उचलून पाहिला तर लगेच खरखर, म्हणजे पायाचाच ब्रेक पाहिजे. आता मलाही उमगलं की आपण एरियल कशाला जोडली आहे. पण आता ते सांगितलं असतं तर माझी बोर्डातली सगळी कारकीर्द काटेवाडीच्या रस्त्यावर संपली असती. म्हणून मी चेहरा गंभीर ठेवला आणि म्हणालो, ‘सेफ्टीसाठी केलंय तसं. चालत्या गाडीत रेडिओ ऐकू नये.’ आमच्या मंडळींनी मागून आरशात माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. त्यांना माझा पगार, माझा पीएफ आणि माझं खोटं बोलणं हे तिन्ही पैशापर्यंत माहीत आहेत.

मी तसाच बसलो. पोटरीत गोळा यायला लागला. मामींनी सुचवलं की पेडलवर वीट ठेवावी, आणि मामा खरोखर दार उघडून कडेला वीट शोधायला लागले. मागून एक ट्रॅक्टर आला, आमचे ब्रेक लाइट लागलेले बघून थांबला, हॉर्नवर हॉर्न मारायला लागला. सेटमधला माणूस मुद्द्यावर येत होता : ‘...आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ऊस तुटून गेल्यानंतर शेतातलं पाचट जाळू...’

मला गाडी पुढं घ्यावी लागली. खरखर.

मामांचा चेहरा उजळला. इंदापूर तालुक्यात उसाच्या पाचटावरून दोन पक्ष आहेत आणि ते राजकीय पक्षांपेक्षा जुने आहेत. एक काडी लावणारा, एक न लावणारा. कृषी विद्यापीठांपासून कृषी सहायकांपर्यंत सगळे सांगून थकले की पाचट सरीत राहू द्या, त्यानं ओल टिकते, कुजलं की त्याचंच खत होतं. मामा हयातभर काडीपक्षाचे. ‘ऐकलंस?’ ते मला म्हणाले. ‘रेडिओवालासुद्धा म्हणतो जाळू. तुझी मामी मला गेली वीस वर्षं बोल लावते.’

मामी काही बोलल्या नाहीत. मामी कधीच घाईनं बोलत नाहीत.

बारामतीत शिरलो. इंदापूर चौकाच्या जवळ, दुकानांच्या रांगेत एका गाडी वायरिंगवाल्याची शेड दिसली. बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी बनतात म्हणा किंवा आणखी काही म्हणा, या गावात वायरी जाणणाऱ्या पोरांना तोटा नाही. मी ‘बस्ता होईपर्यंत जरा बॅटरीचं पाणी बघून घेतो’ असं म्हणून बायकांना कापडाच्या दुकानात सोडलं आणि गाडी तिकडे घेतली. मामा हटले नाहीत. साडी बघण्यापेक्षा वायर बघणं त्यांना कमी त्रासाचं वाटत असावं.

पोरगा पंचविशीतला. गाडी उभी करताना मी ब्रेक दाबला, एरियल वर गेली. त्यानं एरियलकडे पाहिलं, मागच्या लाल लाइटकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. सगळं त्याला तेवढ्यातच कळलं होतं.

‘ही कुणी जोडली?’

‘बोर्डातल्या माणसानं,’ मामा अभिमानानं म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

‘आयला,’ पोरगा म्हणाला, आणि लगेच सावरून, ‘म्हणजे साहेब, तुमच्याकडं 440 चं काम असतंय ना, हे बारक्या करंटचं जरा निराळं असतंय.’ हे पोरगं पुढं नक्की मोठं होणार. माझी अब्रू त्यानं एका वाक्यात झाकली आणि बिलात त्याचे पैसे लावले नाहीत.

डॅशबोर्डाखाली वाकून त्यानं मामांना विचारलं, ‘काका, काल वायर शोधताना तुमचा पाय कुठं होता?’

‘पायाच्या जागेवर,’ मामा म्हणाले.

मग त्यानं सेटमागचं ते टेप गुंडाळलेलं टोक ओढून काढलं, टेप सोडला, आत तांब्याचा स्वच्छ ताजा तुकडा आणि कडेला निळं प्लास्टिक. ‘ही बघा. कुणीतरी मुद्दाम कापून ठेवलीय.’

‘मीच कापायला लावली होती,’ मामा सहज म्हणाले. ‘मोडक्या एरियलची ती कर्र कर्र ऐकवेना.’

‘मामा, काल सांगायचं ना!’

‘तू विचारलंस कुठं? तू म्हणालास, सापडली.’

पोरानं ब्रेकची वायर सोडवून नीट टेप केली, हिरवट निळीला जोडली, आणि बॅटरीकडून आलेल्या माझ्या लाल वायरीत एक फ्यूज घातला, जो मी घातलाच नव्हता. निळी वायर नुसती इशाऱ्याला असते, मोटारीचा भार तिच्यावर टाकला तर सेट जळतो, हेही त्यानं बोलता बोलता सांगितलं. आम्हाला ते दोघांनाही आधीपासून माहीत असल्यासारखी आम्ही मान हलवली. नंतर तो एरियलच्या बुडाशी गेला, बोटानं कॉलरखाली चाचपलं आणि म्हणाला, ‘अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे.’

मी मामांकडे बघितलं. मामा रस्त्याकडे बघत होते.

रंग खरवडायची परवानगी मिळायला चहा मागवावा लागला. खालच्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही असं, नखाएवढा पत्रा उघडा करायचा होता. पोरगा पॉलिश पेपर घासत होता तेव्हा मामा आत शेडमध्ये जाऊन बसले. परत आल्यावर त्यांनी जागा बघायची टाळली.

शेवटचं काम बघण्यासारखं होतं. मामांचा सेट जुना, कॅसेटवाला. त्याच्या पुढच्या भागातलं एक झाकण काढलं की आत एक बारीक स्क्रू असतो. मीडियम वेव्हवर 1400 च्या आसपास एखादं कुठलं तरी लांबचं, क्षीण स्टेशन लावायचं आणि तो स्क्रू हळूहळू फिरवत जिथं आवाज सगळ्यात मोठा येईल तिथं सोडायचा. एरियल बदलली की हे करावंच लागतं. पुणे आकाशवाणी 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे तिच्या लहरीची लांबी पावणेचारशे मीटरच्या वर. तिची चौथाई धरायची म्हटली तर गाडीला साखर कारखान्याच्या धुराड्याला लाजवणारी एरियल बसवावी लागेल. ते शक्य नाही म्हणून सेट, केबल आणि एरियल यांचं त्या स्क्रूनं जुळवून द्यायचं. पोरानं कान सेटला लावला, स्क्रू एका केसानं फिरवला, परत अर्धा केस मागे घेतला. एक कन्नड आवाज खरखरीतून पुढं आला आणि स्वच्छ झाला. मामा इतका वेळ विजेला ‘न दिसणारी वस्तू, मोजता येत नाही’ म्हणत आले होते. ते पुढं वाकले आणि पोराला म्हणाले, ‘किती थौ फिरवला?’ थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मशीन शॉपमधल्या माणसाकडून याहून मोठं कौतुक निघत नाही.

संध्याकाळी बस्ता डिकीत घालून निघालो. रेडिओ लावला, एरियल डौलानं उठली आणि उठलेलीच राहिली. ब्रेक दाबला, हलली नाही. मागचे लाइट लागले आणि विझले, एरियलचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. वसुंधरा वाहिनीवर सकाळचाच कार्यक्रम परत लागला होता, ठिबकपासून सुरुवात. सगळे गप्प बसून ऐकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मामा गाडीत अख्खा कार्यक्रम ऐकणार असं वाटलं.

काटेवाडी मागे पडली आणि समोरून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन तो सकाळचा ट्रॅक्टर आला. पोरं आता मोकळ्या ट्रॉलीत उभी होती. त्यांनी एनई ओळखली. सलाम ठोकला. एरियल जागची हलली नाही. पोरानं पुन्हा ठोकला. पोरांचे चेहरे पडले. एक ओरडला, ‘काय ओ काका, बिघडली का?’

मामांना हे सहन झालं नाही. ‘रेडिओ बंद कर,’ ते म्हणाले.

‘मामा, खोडव्याचं लागलंय आत्ता.’

‘बंद कर आणि परत चालू कर. पोरं बघतायत.’

मी बटण फिरवलं. एरियल खाली. बटण फिरवलं. एरियल वर. ट्रॉलीत शिट्ट्या वाजल्या. पुन्हा एकदा. मग माझ्या अंगात आलं म्हणा किंवा मामांच्या, मी बंद-चालू, बंद-चालू करत राहिलो आणि ट्रॅक्टरवाल्यानंही कर्ण्याचा आवाज वाढवून साथ दिली. ट्रॅक्टर लांब गेल्यावर सेट चालू राहिला तेव्हा आतून एवढंच ऐकू आलं : ‘...नका, ही कळकळीची विनंती. नमस्कार.’

‘काय नका म्हणतोय?’ मामांनी विचारलं.

‘पाचट जाळू नका म्हणतोय,’ मामी मागून शांतपणे म्हणाल्या. ‘सकाळीपण तेच म्हणत होता.’

मामा जरा वेळ समोर बघत राहिले.

‘तो सकाळचा माणूस वेगळा होता,’ ते म्हणाले. ‘आणि तू रे, पुढं अजून एक ट्रॅक्टर दिसतोय. बटणावर हात ठेव.’